मधली प्लेट

परतवाड्याहून धारणीकडे निघालात की डाव्या हाताला
माझं लेथचं दुकान. पत्र्याचं.
चैतात इथं लोखंड आणि माणूस सारखंच तापतं.
शेषराव भुयार आला तो गाडी ढकलत,
मागून दोन पोट्टे, आणि मंडपाचे बांबू तसेच भरलेले.
बासष्टची पिकअप, बापाची.
नाक जीपचं, पाठ खाटेसारखी.
"घटांगच्या चढावर बसली बे," तो म्हणाला,
"तिकडं नवरी हळद लावून बसली, अन् मंडप माह्या गाडीत."

गफूर मिस्त्रीनं बॉनेट उचललं,
पेट्रोलचं इंजन पाहिलं, बाजारात बैलाचे दात पाहावे तसं,
आणि काही न बोलता बॉनेट खाली ठेवलं.

आठवड्यानं अचलपूरच्या भंगारातून
ट्रॅक्टरचं इंजन आलं, बंडीत बसून.
डिझेल. काळं. अंगानं दीडपट.
एका कुशीला अजून चिखल वाळलेला,
कुणाच्या तरी तुरीच्या वावरातला.

निंबाच्या फांदीला चेनपुली टांगली.
खाली सोडलं, वर घेतलं, पुन्हा खाली.
चेंबर एक्सलवर टेकायचं, रेडिएटर आडवा यायचा.
गफूरनं चासीचा आडवा दांडा कापायला घेतला
तेव्हा शेषराव पाठ करून उभा राहिला
आणि उगाच शिसम किती जुना असेल ते विचारत बसला.
तो शिसम नव्हता, निंब होता.

इंजन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा,
भोकाला भोक कुठून जुळणार.
"ही सोयरीक तुले जमवा लागते," गफूर मला म्हणाला.

अठरा मिलीची प्लेट.
एका तोंडाला आठ भोकं, दुसऱ्याला सहा,
मधोमध शाफ्टापुरतं आभाळ.
दिवसा लाइट नसायची.
रात्री दोनला आली की मी उठायचो, लेथ सुरू करायचो,
निळा कीस पायाशी गुंडाळत पडायचा.
अर्ध्या सुताची चूक झाली असती
तर महिन्याभरात क्लच चघळून थुंकला असता.
चार रात्री गेल्या.
बसवल्यावर ती कुणाला दिसत नाही.
मीही पुन्हा पाहिली नाही.

सुरू झालं तेव्हा आधी आरसा गळून पडला.
मग दारं, काच, शेषरावच्या खिशातली चिल्लर,
सगळंच बोलायला लागलं एकदम.
बॉनेट मिटेना. तीन इंच उघडंच राहिलं,
दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं.
ते अजून तसंच आहे.

वेग काही वाढला नाही.
पंचावन्नच्या पुढे काटा सरकत नाही,
ट्रॅक्टरच्या रक्तात घाई नसते.
ओढ वाढली.
घटांगचा चढ आता तिसऱ्यात,
बांबू, गाद्या, कढया, वर आचारी बसलेला.

पण पहिल्या दिवशी गफूरनं चावी दिली नव्हती.
चाकाशी उकिडवा बसून ड्रम बघत राहिला, बासष्टचेच ते.
"जाचं झालं," म्हणाला. "थांबाचं काय?"
आठ दिवस ठेवून घेतली गाडी.
शेषराव रोज येऊन शिव्या द्यायचा,
चहा मात्र पिऊन जायचा.

जुनं इंजन माझ्याकडे पडलंय, गोणपाटाखाली.
भंगारवाला दोनदा वजन विचारून गेला.
शनिवारच्या बाजाराला शेषराव येतो,
गोणपाट काढतो, हँडल घालतो,
दोन फेरे फिरवतो, हळूच.
"जाम नाई झालं पाह्यजे."
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आरटीओत तो गेलाच नाही.
आरसी बुकात अजून याच इंजनाचा नंबर,
शाईनं लिहिलेला, बापाच्या नावाखाली.
म्हणजे कागदावर पाहिलं तर
घटांग चढतंय ते हेच,
इथं, माझ्या दुकानात, अंधारात.

बुधवारी मी त्यात थोडं तेल सोडतो.
तो नसताना.